कलम चोपन्न आणि फोर्मिगा

२०२१ सालच्या नोव्हेंबर महिन्यात भारताचा स्त्रियांचा फुटबॉल संघ ब्राझीलला गेला होता. आमेझॉनच्या अरण्यप्रदेशातील मानाउस ह्या शहरी २५ नोव्हेंबरच्या रात्री त्याचा यजमान संघाशी सामना झाला. आपल्याकडे तेव्हा २६ तारखेची सकाळ उजाडत होती. ब्राझीलने सहा गोल केले, भारताने एक. आपल्यापैकी अनेकांनी वर्तमानपत्रात तेवढा आकडा वाचला असेल आणि पान उलटले असेल. परंतु ब्राझीलमधील लोकांच्या लेखी त्या सामन्याचे महत्त्व आकड्यात नव्हते. सामना संपत आला असता त्यांच्या बाजूने एक बदली खेळाडू मैदानात उतरली. तिचे वय त्रेचाळीस वर्षांचे होते. देशाच्या पोशाखात तिने पहिली विश्वचषक स्पर्धा पाहिली ती सतराव्या वर्षी; आज ती निरोप घेण्यासाठी आली होती.

तिचे कागदोपत्री नाव मिराइल्देस मासिएल मोता. जग तिला फोर्मिगा म्हणून ओळखते. पोर्तुगीज भाषेत फोर्मिगा म्हणजे मुंगी. गोव्याकडील वडीलधाऱ्या श्रोत्यांना हा शब्द परिचयाचा असेल. ह्या बाईंच्या चरित्राकडे मी वळलो तो खेळाच्या ओढीने नव्हे. माझे आयुष्य सरकारी कचेरीत, नियम आणि परिपत्रके ह्यांच्या सहवासात चालले आहे, आणि त्यांच्या चरित्राच्या मुळाशी एक कलम आहे. म्हणून ही हकीकत त्यांच्या जन्माच्या सदतीस वर्षे आधीपासून सांगितली पाहिजे.

१९४० च्या सुमारास रिओ द जानेरोच्या उपनगरांतून मुलींचे फुटबॉल संघ निघू लागले होते. त्याच वर्षी साओ पावलो येथे नव्यानेच बांधलेल्या पाकाएंबू क्रीडांगणावर अशा दोन संघांचा सामना झाला आणि वर्तमानपत्रांतून वादाला तोंड फुटले. एका नागरिकाने थेट राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिले. ह्या खेळामुळे भावी मातांच्या आरोग्याची हानी होईल, अशी त्याची तक्रार होती. पत्र सरकारी दप्तरात शिरले, शिक्षण व आरोग्य खात्याकडे गेले, त्यावर वैद्यकीय अभिप्राय घेतले गेले. कागद एकदा चालू लागला म्हणजे तो कोठेतरी पोहोचतोच. जेतुलिओ व्हार्गास हे तेव्हा ब्राझीलचे सर्वाधिकारी होते. १४ एप्रिल १९४१ रोजी त्यांच्या सरकारने ३१९९ क्रमांकाचा हुकूम काढला आणि देशातील सर्व खेळांचा कारभार पाहण्यासाठी एक राष्ट्रीय क्रीडा परिषद स्थापन केली. हुकुमातील बहुतेक कलमे संस्थांच्या व्यवस्थेविषयी आहेत. चोपन्नावे कलम स्त्रियांविषयी आहे. त्याचा आशय असा की, स्त्रीच्या प्रकृतीशी विसंगत असणारे खेळ स्त्रियांना खेळू देऊ नयेत आणि परिषदेने क्रीडासंस्थांना त्याप्रमाणे सूचना द्याव्यात.

ह्या कलमात फुटबॉल हा शब्द नाही. कचेरीतल्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर ही रचना मोठी सोयीची आहे. ज्या नियमात निषिद्ध गोष्टीचे नाव नसते, तो नियम हवा तेथे लावता येतो. आणि त्याविरुद्ध दाद मागावी तर नेमकी कशाविरुद्ध, हेच सांगता येत नाही. पुढे लष्करी राजवट आल्यावर १९६५ साली परिषदेने ही संदिग्धता स्वतःच दूर केली. सर्व प्रकारच्या कुस्त्या, मैदानी फुटबॉल, बंदिस्त जागेतील फुटबॉल, वाळूवरील फुटबॉल, पोलो, पाण्यातील पोलो, रग्बी, वजन उचलणे आणि बेसबॉल, इतके खेळ स्त्रियांना नावानिशी बंद झाले.

हा दोष एकट्या ब्राझीलच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. इंग्लंडमध्ये १९२० च्या नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर स्त्रियांचा सामना पाहण्यास सुमारे ५३,००० लोक जमले होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, तेथील फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदाने स्त्रियांना देण्यास मनाई केली आणि ती जवळजवळ अर्धशतक टिकली. पश्चिम जर्मनीच्या संघटनेने १९५५ मध्ये तसाच ठराव केला आणि १९७० मध्ये मागे घेतला. फरक एवढाच की, त्या देशांत मनाई संघटनांची होती. ब्राझीलमध्ये ती राज्यसत्तेची होती.

मनाई होती म्हणून खेळ थांबला असे मात्र झाले नाही. १९५८ च्या अखेरीस मिनास जेराइस प्रांतातील आरागुआरी ह्या गावी एका शाळेच्या मदतीसाठी मुलींचा सामना भरविण्यात आला. तो इतका लोकप्रिय झाला की तेथील मुलींचे संघ गावोगावी बोलावले जाऊ लागले, आणि लवकरच वरून हुकूम आला व सारे बंद पडले. अन्यत्र मुली पडक्या जागेत, समुद्रकाठी, भावांच्या टोळीत मिसळून खेळत राहिल्या. खेळ जिवंत राहिला, पण शिक्षक, पंच, मैदान, स्पर्धा, वेतन आणि नोंदवही ह्यांपैकी काहीही त्याच्या वाट्याला आले नाही. ज्या अडतीस वर्षांत ब्राझीलच्या पुरुषांनी १९५८, १९६२ आणि १९७० असे तीन विश्वचषक जिंकले आणि फुटबॉल हा त्या राष्ट्राचा अभिमानविषय झाला, त्याच काळात राष्ट्रातील अर्ध्या लोकसंख्येला चेंडूला पाय लावणे नियमबाह्य होते.

१९७९ साली मनाई उठली. स्त्रियांच्या फुटबॉलला रीतसर नियम मिळण्यास १९८३ साल उजाडावे लागले. फोर्मिगाचा जन्म ३ मार्च १९७८ चा, बाहिया प्रांतातील साल्व्हादोर शहरातला. म्हणजे ती जन्मली तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तिचा पुढचा सारा व्यवसाय निषिद्ध होता, आणि तो निर्बंध दूर झाला तेव्हा ती दोन वर्षांचीही झाली नव्हती.

परंतु राजधानीत रद्द झालेले कलम घराघरांतून रद्द व्हावयास वेळ लागतो. आफ्रिकी वंशाच्या लोकांची मोठी वस्ती असलेल्या त्या शहरात, बेताच्या परिस्थितीत, विधवा आईने तिला वाढविले. ती लहानपणी मुलांत खेळू लागली तेव्हा तिच्या भावांना ते मुळीच रुचले नाही आणि ह्या पायी तिला मारही खावा लागला, असे तिने पुढे अनेक मुलाखतींतून सांगितले आहे. तिचे गुण प्रथम हेरले ते दिल्मा मेंदेस ह्या प्रशिक्षिकेने. मेंदेस ह्या मनाईच्या काळात चोरून खेळलेल्या पिढीतील होत. एका पिढीने लपून जपलेले धन दुसऱ्या पिढीच्या हाती उघडपणे दिले, असाच तो प्रसंग म्हटला पाहिजे. मुंगी हे नाव तिला पडले ते तिच्या खेळाच्या रीतीवरून. ती स्वतःसाठी न खेळता सगळ्यांसाठी वाहते, हे पाहून कोणा प्रेक्षकाने ते दिले असे सांगतात. आपल्याकडे मुंगी म्हटली की साखर आठवते. ह्या मुंगीच्या वाट्याला साखर थोडी आली. ओझे मात्र पुष्कळ आले.

ज्यांना ह्या खेळाचा परिचय नाही, त्यांच्यासाठी तिच्या कामाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. फुटबॉलच्या संघात आघाडीचे खेळाडू गोल करतात आणि त्यांची नावे लोकांच्या तोंडी होतात. मागील फळी व गोलरक्षक गोल वाचवितात. ह्या दोहोंच्या मधे उभा असतो तो मधल्या फळीतील खेळाडू. प्रतिपक्षाचा हल्ला आपल्या बचावफळीपर्यंत पोहोचण्यापूर्वी मोडावयाचा, चेंडू हस्तगत करावयाचा, आणि तो योग्य क्षणी आघाडीच्या पायाशी पोचवावयाचा, हे त्याचे काम. त्यासाठी धावावे फार लागते आणि टाळ्या थोड्या मिळतात. कचेरीतल्या ज्या माणसाच्या रजेच्या दिवशीच त्याचे महत्त्व कळते, त्याच्याशी ह्या खेळाडूची तुलना करण्याचा मोह मला आवरत नाही.

१९८८ साली चीनमध्ये स्त्रियांची एक निमंत्रितांची स्पर्धा झाली. ती पुढील विश्वचषकाची पूर्वतयारी होती. ब्राझीलच्या मुली तेथे पुरुषांच्या संघाचे उरलेले कपडे घालून खेळल्या, आणि तरीही तिसऱ्या आल्या. १९९१ मध्ये पहिला विश्वचषक झाला तेव्हा ब्राझीलचा संघ पहिल्याच फेरीत गळला. १९९५ मध्ये स्वीडनमधील स्पर्धेसाठी सतरा वर्षांची फोर्मिगा संघात आली. ब्राझीलने यजमान स्वीडनला हरविले, जपानकडून हार खाल्ली आणि जर्मनीकडून तर एकास सहा अशी. पुढच्या वर्षी अटलांटा येथील ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या फुटबॉलला प्रथमच स्थान मिळाले आणि ब्राझील चौथा आला. १९९९ च्या विश्वचषकात तिसरा क्रमांक मिळाला, २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पुन्हा चौथा.

ह्यानंतर मार्ता ही असामान्य खेळाडू संघात आली आणि ब्राझीलच्या स्त्रियांचे सर्वोत्तम दिवस आले. त्या दिवसांचा हिशेब मात्र विलक्षण आहे. २००४ मध्ये अथेन्स येथे ऑलिंपिकचा अंतिम सामना जादा वेळेत अमेरिकेने दोन विरुद्ध एक असा जिंकला. २००७ मध्ये रिओच्या माराकाना क्रीडांगणावर सुमारे ६८,००० प्रेक्षकांसमोर ब्राझीलने पॅन अमेरिकन स्पर्धेचे सुवर्णपदक मिळविले. त्याच वर्षी चीनमधील विश्वचषकात उपांत्य सामन्यात अमेरिकेवर चार गोलांनी मात केली, आणि शांघाय येथील अंतिम सामन्यात जर्मनीकडून दोन गोलांनी पराभव पत्करला. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात त्याच जर्मनीला चार विरुद्ध एक असे नमविले. जर्मनीने आधी गोल केला होता. बरोबरी साधली ती फोर्मिगाने. अंतिम सामन्यात पुन्हा अमेरिका, पुन्हा जादा वेळ, पुन्हा एका गोलाने हार. चार वर्षांत तीन अंतिम सामने आणि तीन रौप्यपदके.

दैव आडवे आले असे म्हणून ह्या पराभवांची वासलात लावता येईल. मला ते पटत नाही. २००७ च्या विश्वचषकाच्या अखेरीस ब्राझीलच्या खेळाडूंनी एक फलक धरला होता. आम्हांला आधार हवा, अशी त्यावर आपल्याच देशाला विनवणी होती. ती कशासाठी होती हे तारखांवरून दिसते. स्त्रियांची राष्ट्रीय चषक स्पर्धा त्या देशात २००७ मध्ये सुरू झाली, आणि पूर्ण वाढीची राष्ट्रीय साखळी स्पर्धा २०१३ मध्ये. मनाई उठून तोवर चौतीस वर्षे झाली होती आणि फोर्मिगाचे वय पस्तीस होते. अमेरिकेच्या मुली महाविद्यालयांतून, जर्मनीच्या मुली क्लबांतून वर्षभर खेळून तयार होत. ब्राझीलच्या मुली स्पर्धा जवळ आली की गोळा केल्या जात. नव्वद मिनिटे प्रतिभा पुरते. जादा वेळेत मागची शिदोरी लागते.

त्या शिदोरीसाठी तिला देशोदेशी हिंडावे लागले. साओ पावलो येथील क्लबानंतर ती स्वीडनमध्ये माल्मो येथे खेळली, अमेरिकेत खेळली, परत येऊन साओ जोसे ह्या संघातून दक्षिण अमेरिकेची अजिंक्यपदे मिळविली. २०१४ च्या डिसेंबरात त्या संघाने जपानमध्ये इंग्लंडच्या आर्सेनलला हरवून क्लबांचे जागतिक विजेतेपदही घेतले. २०१७ च्या आरंभी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, पॅरिसच्या सेंट जर्मेन संघाने तिला बोलाविले आणि त्याच वर्षी युरोपच्या क्लब स्पर्धेचा अंतिम सामना ती कार्डिफ येथे खेळली. ह्या वयात इतरांचे सत्कार होतात. तिच्याशी करार होत होते.

आता तिच्या विक्रमाकडे येतो. २०१५ मध्ये कॅनडात दक्षिण कोरियाविरुद्ध गोल केला तेव्हा ती सदतीस वर्षांची होती; स्त्रियांच्या विश्वचषकात इतक्या वयाच्या खेळाडूने तोवर गोल केला नव्हता. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ब्राझील चौथा आला आणि त्या वर्षअखेरीस तिने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. परंतु २०१८ मध्ये प्रशिक्षकांनी तिला परत येण्याची विनंती केली आणि ती आली. २०१९ मध्ये फ्रान्समध्ये जमैकाविरुद्ध उतरली तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती. तो तिचा सातवा विश्वचषक. स्त्री वा पुरुष, तोवर कोणीही सात विश्वचषक स्पर्धांत भाग घेतलेला नव्हता. १९९६ पासून टोकियोपर्यंत झालेल्या सातही ऑलिंपिकांत ती खेळली. राष्ट्रीय संघातून तिचे सामने दोनशे तीसहून अधिक भरतात.

ह्या आकड्यांपुढे मान लवते. पण सरकारी माणसाला आकड्याची दुसरी बाजूही पाहण्याची सवय असते. निवृत्त झालेल्या चाळिशीच्या खेळाडूला परत का बोलवावे लागले? ज्या देशात गल्लोगल्ली फुटबॉल खेळला जातो, त्या देशाला मधल्या फळीत तिची जागा घेणारी दुसरी मुलगी का सापडू नये? सात विश्वचषक हा तिच्या शरीरसंयमाचा आणि निष्ठेचा गौरव आहे. तोच तिच्या देशाच्या क्रीडा-कारभारावरील ठपकाही आहे. अडतीस वर्षांच्या मनाईने जी पोकळी निर्माण केली होती, ती भरून काढण्याचे काम संस्थांचे होते. संस्था येईपर्यंत एका व्यक्तीने ती आपल्या देहाने भरून धरली. एखाद्या खात्यात मंजूर पदे भरलीच जाऊ नयेत आणि एकाच कर्मचाऱ्याला पुनःपुन्हा मुदतवाढ मिळावी, असा हा प्रकार आहे. त्या कर्मचाऱ्याची स्तुती करताना भरतीच्या फायलीचा विसर पडू नये.

२०१९ च्या त्या स्पर्धेत फ्रान्सकडून जादा वेळेत हरल्यावर मार्ता हिने डोळ्यांत पाणी आणून आपल्या देशातील मुलींना उद्देशून जे सांगितले, त्याचा मथितार्थ हाच होता. फोर्मिगा कायमची असणार नाही, मी कायमची असणार नाही. हा खेळ जगावयाचा तर तुम्ही पुढे आले पाहिजे. ह्या सुमारास चक्रे फिरू लागली होती. २०१९ पासून पहिल्या श्रेणीच्या क्लबांना स्त्रियांचा संघ ठेवणे भाग पडले. सप्टेंबर २०२० मध्ये ब्राझीलच्या फुटबॉल संघटनेने राष्ट्रीय संघातील स्त्रिया व पुरुष ह्यांना सारखाच दैनिक भत्ता व बक्षिसे देण्याचे जाहीर केले. फोर्मिगा तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात कॅनडाने पेनल्टी किक्सवर ब्राझीलला बाद केले, आणि त्यानंतर चार महिन्यांनी मानाउसची ती रात्र आली.

त्या रात्री ब्राझीलने पहिल्याच मिनिटात गोल केला होता. आठव्या मिनिटाला पंजाबच्या मनीषा कल्याण हिने चेंडू घेऊन मुसंडी मारली आणि बरोबरी साधली. वीस वर्षांच्या आतल्या त्या मुलीने ब्राझीलच्या जाळ्यात मारलेला तो गोल आपल्यापैकी किती जणांनी पाहिला असेल? आपल्याकडे कलम चोपन्न कधी नव्हते. १९७५ पासून स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धा होत आल्या आहेत. १९७९-८० मध्ये कालिकत येथे भरलेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुली अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्या होत्या. मानाउसचा दौरा होता तो २०२२ च्या आशियाई स्पर्धेच्या तयारीसाठी, आणि ती स्पर्धा भरली मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे, आपल्या दारात. नवी मुंबईत इराणशी एक सामना बरोबरीत सुटला. मग साथीच्या रोगाने संघातील अनेक जणी आजारी पडल्या आणि भारताला स्पर्धेतून बाहेर पडावे लागले. मनीषा त्याच वर्षी सायप्रसमधील एका क्लबाकडून युरोपच्या विजेत्या संघांच्या स्पर्धेत खेळली. तेथवर पोहोचलेली ती पहिली भारतीय खेळाडू. तिलाही शिदोरीसाठी परदेशी जावे लागले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मनाई करावयास एक कलम पुरते. ते रद्द करावयासही एक ओळ पुरते, आणि ती ओळ लिहिली की आपले कर्तव्य झाले असे लिहिणाऱ्याला वाटते. माझ्या चाकरीत अशा ओळी मीही लिहिल्या आहेत. परंतु जी गोष्ट दीर्घकाळ नाकारली गेली, ती केवळ मोकळी करून भागत नाही. तिच्यासाठी मैदान आखावे लागते, शिक्षक नेमावे लागतात, दर वर्षी पैसा तरतुदीत धरावा लागतो. हे सारे होईपर्यंत कोणाला तरी वाट पाहत खेळत राहावे लागते.

२०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात ब्राझीलच्या स्त्रिया पुन्हा पोहोचल्या आणि अमेरिकेकडून पुन्हा एका गोलाने हरल्या. स्त्रियांच्या फुटबॉलला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाल्यापासून फोर्मिगावाचून झालेले ते पहिलेच ऑलिंपिक. तिच्यावाचून संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला, हे तिचे खरे बक्षीस म्हणावयास हरकत नाही. त्याच वर्षी २०२७ च्या विश्वचषकाचे यजमानपद ब्राझीलकडे आले. जेथे मुलींनी चेंडू लाथाडणे त्यांच्या प्रकृतीशी विसंगत ठरविले गेले होते, त्या देशात आता त्यांच्यासाठी मैदाने सजवावयाची आहेत.